सर्पगंधेचे पर्व

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे ताम्हिणी घाटाचा, अतिवृष्टीचा आणि दाट रानाचा प्रदेश आहे, तर पूर्वेच्या कडेला, हिंजवडी, नांदे आणि पिरंगुटच्या पट्ट्यात, गेल्या काही दशकांत कारखाने, संगणक कंपन्या आणि औषध-संशोधनाच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आहेत. उच्च रक्तदाबावरील औषधांचा इतिहासही अशाच दोन टोकांमध्ये पसरलेला आहे: एका टोकाला सह्याद्री-कोकणातील दमट रानात उगवणारी कडू मुळी, तर दुसऱ्या टोकाला रेणूची रचना समजून घेऊन प्रयोगशाळेत घडवलेली गोळी. या दोहोंना जोडणारी निर्णायक पायरी १९४९ साली मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित एका हृदयरोगतज्ज्ञाने बांधली. पाश्चात्त्य ग्रंथांत या प्रकरणाला दोन-चार ओळी मिळतात आणि मराठीत ते जवळजवळ अज्ञातच आहे. म्हणून ते थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते.

रक्तदाब म्हणजे वाहत्या रक्ताचा धमन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा तो वरचा दाब, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते तेव्हाचा तो खालचा दाब. दंडाला फुगवता येणारा पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर हा दाब मोजण्याचे सुटसुटीत साधन इटलीतील रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये सिद्ध केले. रशियन शल्यविशारद कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये पट्ट्याखालच्या धमनीवर श्रवणनलिका ठेवून येणाऱ्या आवाजांवरून दोन्ही दाब ठरवण्याची रीत दाखवली, आणि दवाखान्यांतून आजही तीच रीत चालते. मोजता येऊ लागल्याने उच्च रक्तदाब दिसू लागला खरा, पण तो उतरवण्याचे साधन पुढची चार दशके वैद्यांच्या हाती नव्हते. मूत्रपिंड, अंतःस्रावी ग्रंथी किंवा अन्य कोणताही स्पष्ट दोष न सापडता जो दाब वाढतो त्याला वैद्यकात ‘प्राथमिक उच्च रक्तदाब’ म्हणतात. बहुतेक रुग्ण याच प्रकारात मोडतात. अरुंद झालेल्या धमन्यांतून रक्त पुढे ढकलता यावे म्हणून शरीरच दाब वाढवते, तेव्हा तो उतरवणे हेच धोक्याचे, असे मानणारे नामांकित वैद्य त्या काळी कमी नव्हते.

या असाहाय्यतेचा सर्वांत ठळक दाखला अमेरिकेच्या अध्यक्षांच्या रूपाने जगापुढे आला. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब युद्धकाळात चढत गेला. त्यांच्या दिमतीला देशातील उत्तम वैद्य होते, तरी मीठ कमी करणे, विश्रांती, झोपेचे औषध आणि हृदयासाठी डिजिटॅलिस यांपलीकडे देण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला, आणि त्या दुपारी नोंदलेला दाब ३०० वर १९० होता. त्याच सुमारास अमेरिकेत काही रुग्णांना केवळ भात, फळे आणि साखर यांवर महिनोन्‌महिने ठेवले जाई, तर काहींच्या पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंची साखळी शस्त्रक्रियेने कापून टाकली जाई. १९४८ नंतर हेक्झामेथोनियम आणि तत्सम औषधे आली, ज्यांना चेतागंडिकारोधक म्हणतात, कारण ती मज्जातंतूंच्या गाठींतून पुढे जाणारे सर्वच संदेश अडवतात. त्यांनी दाब झपाट्याने उतरे, पण उभे राहताच रुग्णाला भोवळ येई, दृष्टी अंधूक होई आणि मलमूत्र अडे. मरणाच्या दारातील रुग्णासाठीच ती वापरावीत, असा त्यांचा लौकिक होता.

भारतात मात्र एक वेगळी वाट आधीच सुरू झाली होती. सर्पगंधा हे कमरेपेक्षा ठेंगणे झुडूप आहे. त्याची पाने खोडाभोवती बहुधा तीन-तीनच्या वलयांत येतात, पांढऱ्या फुलांना देठाकडे तांबूस-जांभळी छटा असते आणि पिकल्यावर काळपट होणारी वाटाण्याएवढी फळे जोडीने लागतात. औषधी गुण मुळीत असतो, विशेषतः तिच्या सालीत. वाळलेली मुळी करड्या-तपकिरी रंगाची, वाकडीतिकडी, वास नसलेली आणि जिभेवर ठेवताच अतिशय कडू लागणारी असते. सह्याद्री आणि कोकणात हरकी, अडकई, मुंगूसवेल अशा नावांनी ती ओळखली जाते. सापाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस ही मुळी चावतो, असा लोकसमज जुना आहे. गोव्यात राहून वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये तेथेच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात सर्पविषावरील ज्या मुळ्यांचे वर्णन केले आहे, त्यांपैकी एक सर्पगंधाच होय, असे अभ्यासक मानतात. पुढे युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी या कुळाला सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य व प्रवासी राउवोल्फ यांचे नाव दिले. सर्पदंश, ताप, झोप न येणे, अतिसार आणि उन्माद अशा अनेक तक्रारींवर लोक ही मुळी वापरत आले होते. रक्तदाबाचा उल्लेख परंपरेत असणे शक्यच नव्हते, कारण तो मोजण्याचे साधन परंपरेजवळ नव्हते. या मुळीचा रक्तदाबाशी असलेला संबंध हा आधुनिक शोध आहे आणि तो भारतीयांनी लावलेला आहे, ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे.

१९३१ हे वर्ष या शोधाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. कोलकात्यात आयुर्वेद आणि पाश्चात्त्य वैद्यक या दोन्हींचे शिक्षण घेतलेले गणनाथ सेन आणि त्यांचे सहकारी कार्तिकचंद्र बोस यांनी त्या वर्षी एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून असे नोंदवले की मुळीची पूड २० ते ३० ग्रेन, म्हणजे साधारण सव्वा ते दोन ग्रॅम, दिवसातून दोनदा दिली असता उन्मादाचा जोर ओसरतो आणि चढलेला रक्तदाबही उतरतो. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमा सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून पाच अल्कलॉइडे स्फटिकरूपात वेगळी केली. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीत आढळणारा, नायट्रोजनयुक्त आणि बहुधा शरीरावर तीव्र परिणाम करणारा पदार्थ. त्यांपैकी काहींना त्यांनी संस्थेचे प्रेरणास्थान हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलिन आणि तत्सम नावे दिली. १९३३ मध्ये कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाब उतरवणारा परिणाम पडताळून पाहिला. मात्र सिद्दिकींनी वेगळ्या केलेल्या स्फटिकी अल्कलॉइडांतून मुळीचा शामक गुण पुरता उलगडत नव्हता. मुख्य द्रव्य उरलेल्या चिकट, राळेसारख्या भागात दडून राहिले होते आणि पुढची वीस वर्षे तसेच राहिले. दरम्यान हिमालया ड्रग कंपनीने १९३४ मध्ये ‘सर्पिना’ या नावाने मुळीच्या गोळ्या बाजारात आणल्या आणि देशभरचे डॉक्टर त्या लिहून देऊ लागले.

औषध प्रचारात होते, गुण येतो असे अनेकजण सांगत होते, आणि तरीही वैद्यकाच्या कसोटीवर काहीच सिद्ध झालेले नव्हते. ही उणीव डॉ. रुस्तम जाल वकील यांनी भरून काढली. १९११ मध्ये मुंबईत जन्मलेले वकील लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिकले आणि १९३८ च्या सुमारास मायदेशी परतून परळच्या के. ई. एम. रुग्णालयात मानद हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. १९२६ मध्ये सुरू झालेले हे महापालिकेचे रुग्णालय गिरणगावाच्या मध्यावर होते. पुणे, सातारा, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतून पोटासाठी मुंबईला आलेल्या कामगार कुटुंबांचा तो मोठा आधार होता. वकिलांनी सुमारे दहा वर्षे सर्पगंधा रुग्णांवर वापरून तिच्या परिणामांच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांपैकी प्राथमिक उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांचा काटेकोर वृत्तांत ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या लंडनहून निघणाऱ्या नियतकालिकात १९४९ मध्ये प्रसिद्ध केला.

तो लेख सहा पानांचा आहे. रक्तदाब मुळातच अस्थिर असतो. तो दिवसाच्या वेळेनुसार, श्रमानुसार, इतकेच नव्हे तर डॉक्टर समोर आल्यामुळेही बदलतो, आणि कोणत्याही नव्या गोळीने पहिले काही दिवस तो उतरल्याचा भास होतो. म्हणून औषधाआधीचे आकडे, औषध चालू असतानाचे आकडे आणि ते थांबवल्यानंतरचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय त्याच्या गुणाबद्दल बोलणे व्यर्थ ठरते. वकिलांनी या पद्धतीने काम केले. बहुसंख्य रुग्णांचा वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब उतरले. ही उतरण सावकाश होती, औषध थांबवल्यावरही काही काळ टिकत होती आणि रुग्णाला उभे राहिल्यावर भोवळ येत नव्हती. ज्या काळी पर्याय म्हणून शस्त्रक्रिया, भाताचा आहार किंवा हेक्झामेथोनियम यांचीच नावे घेतली जात, त्या काळी तोंडावाटे घेता येणारी आणि सोसवणारी स्वस्त गोळी ही जगाच्या दृष्टीने मोठी बातमी होती. वकिलांचे खरे कर्तृत्व मुळीची थोरवी सांगण्यात नाही, ती पूर्वी अनेकांनी सांगितली होती. जगातल्या कोणत्याही हृदयरोगतज्ज्ञाला तपासता येईल अशा भाषेत, म्हणजे आकड्यांच्या भाषेत, त्यांनी ती मांडली, हे त्यांचे मोठेपण.

लेखाचा परिणाम लवकरच दिसला. बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून मुळी मागवून आपल्या रुग्णांवर प्रयोग केले आणि १९५२ पासून अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिट्लर आणि बाइन या शास्त्रज्ञांनी त्या राळेसारख्या भागातून रेसरपिन हे अल्कलॉइड वेगळे केले. मुळीच्या वजनाच्या साधारण हजाराव्या हिश्शाएवढे असणारे हे द्रव्य मिलिग्रॅमच्या अंशात दिले तरी परिणाम करी. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांसाठी वापरले. हार्वर्डचे रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये त्याचा गुंतागुंतीचा रेणू प्रयोगशाळेत संपूर्ण घडवून दाखवला, आणि सेंद्रिय रसायनशास्त्रात ते आजही एक शिखर मानले जाते. १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार ज्या संशोधकांना विभागून मिळाला त्यांत वकील आणि क्लाइन दोघेही होते. पुढच्या वर्षी भारत सरकारने वकिलांना पद्मभूषण दिले.

रेसरपिन काम कसे करते, याचा उलगडा झाला तेव्हा त्याने एका रोगाच्या पलीकडचे ज्ञान दिले. शरीरातील अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे धोक्याच्या किंवा श्रमाच्या वेळी हृदयाची गती वाढवणारे आणि धमन्या आवळणारे मज्जातंतूंचे जाळे, नॉरॲड्रेनलिन या रसायनाच्या द्वारे संदेश पोचवते. हे रसायन मज्जातंतूंच्या टोकांशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांत साठवलेले असते. रेसरपिन या कोठारांत माल भरणारी वाट बंद करते. त्यामुळे साठा हळूहळू रिता होतो, धमन्या सैलावतात आणि दाब उतरतो. मेंदूतील सेरोटोनिन आणि डोपामिन यांचे साठेही असेच रिकामे होतात. स्वीडनचे आर्व्हिद कार्लसन यांनी रेसरपिन देऊन निश्चल झालेल्या सशांना डोपामिनचे पूर्वद्रव्य टोचले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. १९५७ च्या त्या प्रयोगातून कंपवाताच्या उपचाराचा पाया घातला गेला आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या यशाची किंमत रानाने मोजली. मुळी काढायची म्हणजे झुडूप उपटायचे, आणि मुळी भरण्यास दोन-तीन वर्षे लागतात. परदेशी मागणी वाढताच रानोमाळ उपसा सुरू झाला. तो रोखण्यासाठी भारत सरकारने कच्च्या मुळीच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि युरोपीय कंपन्या त्याच कुळातील आफ्रिकी प्रजातीकडे वळल्या. १९९० पासून सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार वन्य प्रजातींविषयीच्या ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. लागवड करता येत असतानाही रानातून फुकट मिळणारी मुळी आधी उचलली गेली, आणि ज्या पिढीने तिच्यापासून औषध मिळवले त्या पिढीने तिच्या पुनर्लागवडीकडे पुरेसे लक्ष दिले नाही, हा या यशस्वी प्रकरणावरचा डाग आहे.

दाब उतरतो हे सिद्ध झाले होते, पण उतरवल्याने माणूस वाचतो का, हा त्याहून मोठा प्रश्न १९६० पर्यंत अनुत्तरित होता. त्याचे उत्तर वॉशिंग्टनचे एडवर्ड फ्राइस यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत मिळाले. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी काहींना औषधे आणि काहींना हुबेहूब दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या गेल्या, आणि कोणाला काय मिळते हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नव्हते. १९६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांना मृत्यू, पक्षाघात यांसारखी गंभीर आपत्ती भोगावी लागली होती, तर औषध घेणाऱ्यांत केवळ दोघांना. औषधे तीन होती: मूत्रावाटे मीठ व पाणी बाहेर टाकणारे हायड्रोक्लोरोथायझाइड, धमन्यांची भिंत सैल करणारे हायड्रॅलझिन आणि तिसरे रेसरपिन. उच्च रक्तदाबावर उपचार केल्याने जीव वाचतो याचा पहिला निर्विवाद पुरावा ज्या गोळ्यांनी दिला, त्यांत सर्पगंधेचा अर्क होता.

भारतात याच धर्तीची जोडगोळी ‘ॲडेल्फेन’ या नावाने कित्येक वर्षे चालली, आणि हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेली तिची ‘ॲडेल्फेन-इसिड्रेक्स’ ही आवृत्ती महाराष्ट्रातील असंख्य घरांत ‘बीपीची गोळी’ म्हणून परिचित होती. तिचे दोषही कळत गेले. नाक चोंदणे, सुस्ती, हातापायांचा ताठरपणा आणि मुख्य म्हणजे मन खचून जाणे, अशा तक्रारी पन्नाशीच्या दशकात दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रांत वारंवार आढळल्या. रेसरपिनमुळे खिन्नता येते हा समज त्यातूनच दृढ झाला. अल्प मात्रेत तसे होते का, याविषयी पुढे शंका घेतली गेली, पण तोवर डॉक्टरांचे मन उडाले होते. सप्टेंबर १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेखांनी या औषधाचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध सुचवला. नंतरच्या अभ्यासांत तो टिकला नाही, तरी बाजारातील औषधाची पत पुन्हा सावरली नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वकिलांचे निधन झाले.

तोपर्यंत इतर औषधवर्ग पुढे सरसावले होते. थायझाइड गटाची मूत्रल औषधे १९५७-५८ मध्ये क्लोरोथायझाइडने सुरू झाली. हृदयावरील ॲड्रेनलिनचा परिणाम अडवणारे बीटारोधक जेम्स ब्लॅक यांनी ब्रिटनमध्ये विकसित केले आणि त्यांतले प्रोप्रॅनोलॉल १९६४ मध्ये पुढे आले. स्नायुपेशींत कॅल्शियमचा शिरकाव रोखून धमन्या रुंद करणाऱ्या औषधांची संकल्पना जर्मनीच्या फ्लेकेनस्टाइन यांनी त्याच दशकात मांडली, आणि आज सर्वत्र लिहून दिले जाणारे ॲम्लोडिपिन याच वर्गातले. चौथ्या वर्गाची सुरुवात पुन्हा निसर्गातूनच झाली. ब्राझीलचे सर्जिओ फरेरा यांनी तेथील जराराका या विषारी सापाच्या विषात, शरीरातील धमन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिन या द्रव्याची निर्मिती रोखणारे घटक दाखवले, आणि त्या धाग्यावरून अमेरिकेत कुशमन आणि ओंडेट्टी यांनी कॅप्टोप्रिल घडवले. अँजिओटेन्सिन तयार करणाऱ्या विकराला रोखणाऱ्या या वर्गातील एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल ही भावंडे त्यानंतरची, तर त्याच द्रव्याला पेशीच्या दारातच अडवणारी लोसार्टन, टेल्मिसार्टन ही औषधे नव्वदीच्या दशकातली आहेत.

सर्पगंधेच्या यशाने भारतीय वनस्पतींत पुन्हा असे काही सापडेल, ही आशा मुंबईत बराच काळ तेवत राहिली. रेसरपिनवर नफा मिळवलेल्या सिबाने १९६३ मध्ये गोरेगावात संशोधनकेंद्र उघडले, ज्याचे उद्घाटन जवाहरलाल नेहरूंनी केले आणि ज्याची धुरा रसायनशास्त्रज्ञ गोविंदाचारी यांच्याकडे होती. मुलुंडला होइक्स्ट कंपनीच्या केंद्रात सत्तरीच्या दशकात शेकडो वनस्पतींची छाननी झाली आणि लोणच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या माइनमुळ्याच्या मुळांतून फोर्सकोलिन मिळाले. ते दाब उतरवते व हृदयाला बळ देते, पण रक्तदाबाची गोळी म्हणून ते कधी रुजले नाही. पेशींतर्गत संदेशवहनाचा अभ्यास करण्याचे साधन म्हणून मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत त्याला मान मिळाला.

भारतीय रुग्णाच्या दृष्टीने त्यापेक्षा निर्णायक ठरला तो १९७० चा पेटंट कायदा, जो १९७२ मध्ये अमलात आला. औषधाच्या रेणूवर पेटंट न देता ते बनवण्याच्या कृतीवरच पेटंट देण्याची तरतूद त्यात असल्याने, वेगळ्या कृतीने तेच औषध बनवणे भारतीय कंपन्यांना वैध झाले आणि बीटारोधकांपासून लोसार्टनपर्यंतची औषधे देशात अल्प किमतीत तयार होऊ लागली. २००५ मध्ये रेणूवरचे पेटंट पुन्हा लागू होईपर्यंत कृतिरसायनाचे हे कौशल्य पक्के झाले होते. देशबंधू गुप्ता यांनी १९६८ मध्ये मुंबईत स्थापलेल्या लुपिन कंपनीचे संशोधनकेंद्र मुळशी तालुक्यातील नांदे येथे उभे आहे, ते याच परंपरेचे फळ होय. या परंपरेला वादाची किनारही आहे. पेरिंडोप्रिलच्या बाबतीत मूळची फ्रेंच कंपनी सर्व्हिए आणि लुपिन यांच्यात २००७ मध्ये झालेला करार स्वस्त औषध बाजारात येण्यास विलंब लावणारा होता, असे ठरवून युरोपीय आयोगाने २०१४ मध्ये लुपिनला ४ कोटी युरोंचा दंड केला. ज्या कौशल्याने औषध स्वस्त केले तेच कौशल्य मोल घेऊन थांबवले गेले, तर त्याचा भार शेवटी रुग्णावरच पडतो, ही गोष्ट पुणे परिसरातील औषध-व्यवसायाने विसरता कामा नये.

आज सरकारी आरोग्य केंद्रांतील उपचारक्रमात ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनसारखी औषधे असतात, रेसरपिन नसते. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता, आणि त्याची रीत साधी आहे: ठरलेली मोजकी औषधे, प्रत्येक भेटीला दाबाची नोंद आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा. सर्पगंधेची पूड काही दुकानांतून अजून मिळते, परंतु मुळीतील अल्कलॉइडांचे प्रमाण जागेनुसार आणि ऋतूनुसार बदलते. त्यामुळे चालू गोळ्या सोडून किंवा त्यांच्या जोडीला ती मनाने घेणे धोक्याचे आहे, आणि वकिलांनी जो मापनाचा आग्रह धरला त्याच्याशी ते विसंगतही आहे. त्यांचा १९४९ चा तो सहा पानी लेख आता संगणकावर कोणालाही विनामूल्य वाचता येतो. महाराष्ट्रातील वैद्यक आणि आयुर्वेद या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना तो पहिल्याच वर्षी वाचायला द्यावा.